गाडी घ्यावी की बस धरावी?

सुरतेच्या उत्तरेला, तापी ओलांडून अमरोलीच्या पुढे गेले की कोसाड लागते. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या उतारूला हे गाव क्वचितच आठवते. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. सुरतेचे स्थानक मागे पडते, तापीचा पूल खडखडतो, उत्राण जाते आणि पाठोपाठ कोसाडची पाटी खिडकीतून सरकते, इतकेच. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा हे गाव शहरात आले. पुढे नागरी पुनर्निर्माणाच्या केंद्रीय योजनेखाली महानगरपालिकेने येथे घरांची एक मोठी वसाहत उभारली, आणि झोपडपट्ट्यांतून उठलेली हजारो कुटुंबे तिथे राहावयास आली. त्यांत तापीच्या काठावरची पुष्कळ होती. डोक्यावर पक्के छप्पर आले, घरात नळ आला. काम मात्र पुलापलीकडेच राहिले.

मोठ्या शहरात शिरताना स्वतःचे वाहन न्यावे की सार्वजनिक वाहनाने जावे, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा किंवा सोयीचा वाटतो. ज्याच्या दाराशी मोटार उभी आहे आणि खिशात पैसेही आहेत, त्याच्यापुरता तो तसा असेलही. कोसाडसारख्या ठिकाणी तो हप्त्याचा प्रश्न असतो. घरातील एका माणसाच्या पगारातून तीन वर्षे दरमहा काही रक्कम कापून द्यावयाची की नाही, हे एकदा ठरवावे लागते. आणि ते ठरले की पुढील आठ-दहा वर्षांच्या सकाळी आपोआप ठरून जातात.

मराठी माणसाला सुरत प्रथम माहीत होते ती १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांमुळे. आज सुरतेत जो मराठी माणूस राहतो त्याची वाट मात्र निराळी आहे. तापी व्हॅली रेल्वेचा रूळ १९०० साली पुरा झाला, खानदेश उधन्याशी जोडला गेला, आणि पुढे हातमाग-यंत्रमागांची भरभराट झाली तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे याच लोहमार्गाने कामाच्या शोधात आली. उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली या भागांत आजही मराठी कानांवर पडते. महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. या वस्तीचा बराचसा भाग कारखान्यांच्या आसपास राहतो आणि पायी किंवा सायकलीने कामावर जातो. ज्यांचे घर तापीच्या उत्तरेला गेले त्यांना मात्र सारे शहर ओलांडावे लागते.

असे एक कुटुंब कल्पावे. घरातील कर्ता पुरुष उधन्याला यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहे. पत्नी रिंग रोडवरील कापड बाजाराच्या बाजूला साड्यांवर टिकल्या लावण्याचे, घडी घालण्याचे काम पूर्वी करीत असे. घर कोसाडला आल्यापासून ते सुटले आहे. मुलगी कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली आहे. मोटारसायकल घ्यावी, असा विचार घरात चालू आहे. शेजारी सगळ्यांनी घेतली आहे.

श्रोत्यांनी आता कागद-पेन्सिल जवळ घ्यावी, कारण पुढे थोडे अंकगणित आहे. आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत, रीत तीच राहील. समजा, कोसाड ते उधना अशी रोजची ये-जा २७ किलोमीटर पडते. मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर चालते आणि पेट्रोल ९५ रुपये लिटर आहे. म्हणजे रोज सहा दशांश लिटर, किंमत ५७ रुपये. दुसऱ्या बाजूला बसचे जाण्यायेण्याचे तिकीट ४० रुपये धरावे, आणि बस जिथे सोडते तिथून कारखान्यापर्यंत भागीदारीच्या रिक्षाचे जाऊन-येऊन २० रुपये. एकूण ६०. बस ६०, मोटारसायकल ५७! कुटुंबातील चर्चा बहुधा येथेच संपते, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी सुरू होते.

या हिशेबात मोटारसायकल फुकट मिळालेली आहे. तिची किंमत त्यात कोठेच नाही. नोंदणी-विम्यासकट ती १,००,००० रुपयांना पडली आणि आठ वर्षांनी २०,००० रुपयांना विकली, तर ८०,००० रुपये झिजून गेले. हप्त्यांवरचे व्याज १६,००० धरावे. आठ वर्षांत ९६,०००, म्हणजे वर्षाला १२,०००; आणि वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला ४० रुपये. दरवर्षीचा विमा, तेल, टायर, चेन, ब्रेक आणि मधूनमधून मिस्त्रीची भेट यांना वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे दिवसाला २०. पेट्रोलचे ५७ यांत मिळविले की बेरीज ११७ होते. बसच्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट.

मग माणसे हिशेबात इतकी कच्ची कशी? ती कच्ची नाहीत. मोटारसायकल दाराशी आल्यानंतर सकाळी जो हिशेब ती करतात तो अगदी बरोबर असतो. बसने गेले म्हणून हप्ता थांबत नाही, विमा थांबत नाही, उभ्या गाडीची किंमतही उतरतच राहते. गेलेला पैसा गेलाच. उरलेला निर्णय पेट्रोल आणि तिकीट यांच्यापुरता, आणि त्यात पेट्रोल जिंकते. अर्थशास्त्रज्ञ याला बुडीत खर्च आणि चालू खर्च यांतील भेद म्हणतात. ज्याच्या घरी आधीच गाडी आहे त्याला बस स्वस्त आहे असे सांगून उपयोग होत नाही, याचे कारण हेच: त्याच्यापुरती ती आता स्वस्त राहिलेली नसते. खरा निर्णय दुकानात सही करण्याच्या दिवशी होतो, आणि त्या दिवशी पूर्ण हिशेब कोणी मांडीत नाही. विक्रेता तर मांडणार नाहीच.

परंतु एवढ्यावरून बसच्या बाजूने निकाल देणे घाईचे होईल. पैशाबरोबर वेळही मोजला पाहिजे. समजा, मोटारसायकलने एका बाजूला ४५ मिनिटे लागतात. बसने थांब्यापर्यंत १० मिनिटे चालणे, १० मिनिटे वाट पाहणे, ४० मिनिटे प्रवास आणि शेवटचा टप्पा १० मिनिटांचा, अशी ७० होतात. दोन्ही वेळचे मिळून ५० मिनिटांचे अंतर पडते. म्हणजे मोटारसायकलवाला रोज ५७ रुपये जास्त देऊन ५० मिनिटे विकत घेतो. तासाला साठ-सत्तर रुपये कमावणाऱ्या आणि बारा तासांच्या पाळीनंतर घरी येणाऱ्या माणसाने हा व्यवहार केला तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. पन्नास मिनिटांची झोप ही त्याच्या लेखी चैन नसते. शिवाय पती-पत्नी दोघेही एकाच दिशेला, एकाच वेळी जात असतील, तर बसचे दोघांचे १२० होतात आणि मोटारसायकलचे ११७च राहतात. तिथे पैशाच्या दृष्टीनेही पारडे फिरते.

वरच्या ७० मिनिटांत सर्वांत महत्त्वाची मिनिटे कोणती? चाळीस नव्हेत, वाट पाहण्याची दहा. वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना अनेक देशांत असे आढळून आले आहे की, चालत्या बसमधील एका मिनिटापेक्षा थांब्यावरचे एक मिनिट माणसाला जवळजवळ दुप्पट लांब वाटते. यात नवल ते काय? गाडीत बसलेल्या माणसाला आपण पोहोचणार हे ठाऊक असते. थांब्यावर उभ्या असलेल्याला तेच ठाऊक नसते. जून महिन्यात डोक्यावर पाऊस, पायांशी पाणी आणि कारखान्याच्या फाटकावर पगार कापणारा मुकादम अशी स्थिती असली की दहा मिनिटांचा अर्धा तास होतो.

दहा-दहा मिनिटांनी बस सुटत असेल तर सरासरीने पाचच मिनिटे वाट पाहावी लागेल, असे कागदावर निघते. प्रत्यक्षात तसे का घडत नाही? प्रवाशांची एक जुनी तक्रार असते की, वीस मिनिटे एकही बस येत नाही आणि मग दोन एकदम येतात. यात चालकांचा कट नसतो, गणित असते. पहिली बस काही कारणाने दोन मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर त्या दोन मिनिटांत आणखी माणसे जमतात. त्यांना चढावयाला अधिक वेळ लागतो, बस आणखी मागे पडते, त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. तिच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती पुढे पुढे सरकते आणि शेवटी पहिलीला गाठते. पुढची बस कोंबलेली, मागची अर्धी रिकामी, आणि दोघींच्या मागे वीस मिनिटांची पोकळी. तासाला बस पूर्वीइतक्याच सहा; पण सरासरी वाट पाहणे पाच मिनिटांवरून दहावर गेले. मुंबईच्या प्रवाशाला हा अनुभव नवा नाही, आणि लंडनच्याही नाही.

यावरचे उपाय साधे आहेत आणि त्यांतील काही सुरतेने केले आहेत. चढण्यापूर्वीच थांब्यावर तिकीट काढणे, थांब्याची उंची बसच्या उंबरठ्याइतकी ठेवणे, आणि मुख्य म्हणजे बसला इतर वाहनांपासून वेगळा असा रस्त्याचा पट्टा राखून देणे. दक्षिण अमेरिकेत कुरितिबा या शहराने १९७४ साली हा मार्ग घातला, बोगोताने २००० साली तो मोठ्या प्रमाणावर वापरला. आपल्याकडे पुण्याने २००६ साली आणि अहमदाबादने २००९ साली त्याचे अनुकरण केले. सुरतेची अशी सेवा २०१४ साली उधना दरवाजा ते सचिन या मार्गावर सुरू झाली आणि पुढे वाढत कोसाडच्या वसाहतीपर्यंत पोहोचली. राखीव पट्ट्याचा खरा फायदा वेगात नाही, नेमाने येण्यात आहे. मोकळ्या पट्ट्यात बस मागे पडण्याचे कारणच कमी होते, आणि दोन बसांतील अंतर राहते. म्हणूनच ज्या ठिकाणी राखीव पट्टा संपून बस सर्वसाधारण गर्दीत मिसळते, किंवा ज्या ठिकाणी दुचाकीस्वार मोकळी वाट पाहून त्या पट्ट्यात शिरतात, तिथे हरविलेली दोन मिनिटे पुढल्या सबंध मार्गावर वाढत जातात. पट्ट्यात शिरणाऱ्याला वाटते की आपण एकटेच तर आहोत.

एकटे कोणी नसते. नदीकाठच्या शहरात हे विशेष कळते, कारण तिथे सर्व रस्ते पुलांच्या तोंडाशी एकत्र येतात. सुरतेत तापीवर होप पूल झाला १८७७ साली, आणि रांदेरकडे जाण्याला तोच वाहनांचा पूल असा पुष्कळ काळ गेला. आता पूल इतके झाले आहेत की सुरतेला पुलांचे शहर म्हणण्याची पद्धत पडली आहे. तरीही सकाळी त्यांच्या तोंडाशी वाहने तुंबतातच. पूल बांधला की गर्दी कमी व्हावी, ही अपेक्षा चुकीची का ठरते, याचे उत्तर अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली दिले होते. रस्ता रुंद झाला की प्रवासाचा वेळ घटतो. वेळ घटला की बसने जाणारे, उशिरा निघणारे, दुसऱ्या वाटेने जाणारे असे सगळे त्या रस्त्याकडे वळतात, आणि गर्दीच्या तासाला तो पुन्हा पूर्वीइतकाच भरतो. त्याच्याही आधी, १९२० साली, केंब्रिजच्या पिगू यांनी दोन रस्त्यांचे उदाहरण घेऊन दाखविले होते की, प्रत्येक माणूस आपल्यापुरता शहाणपणाने वागला तरी सगळ्यांचा मिळून वेळ वाया जाऊ शकतो; कारण गर्दीत शिरणारा माणूस आपला उशीर मोजतो, आपल्यामुळे मागच्यांना होणारा उशीर मोजीत नाही.

मोटारसायकलची बाजू येथे थोडी घेतली पाहिजे, कारण शहरातील प्रत्येक कोंडीचे खापर तिच्यावर फोडण्याची एक रीत आहे. रस्त्याचा हिशेब करणारे अभियंते मोटारीला एक एकक मानतात. त्या मानाने दुचाकीला स्थूलपणे अर्धे आणि बसला तीन एकके जागा लागते. साठ माणसे पुलावरून न्यावयाची आहेत. एका बसने ती तीन एककांत जातात. दुचाकीवर सरासरी दीड माणूस धरला तर चाळीस दुचाक्या, म्हणजे वीस एकके. मोटारीतही सरासरी दीड माणूस धरावा, आणि प्रत्यक्षात तो तितकाही नसतो. मग चाळीस मोटारी, चाळीस एकके. कापड बाजाराकडे एकट्याने मोटारीतून जाणारा व्यापारी पुलाचा जेवढा भाग व्यापतो तेवढ्यात दोन मोटारसायकली मावतात, आणि उतरल्यावर दिवसभर गाडी उभी करावयाला जागा लागते ती निराळीच. ती जागा बहुधा फुकट मिळावी अशी त्याची अपेक्षा असते. फुटपाथवर उभी केलेली गाडी कोणाच्या जागेवर उभी आहे, हा प्रश्न पायी चालणाऱ्याने विचारावयाचा.

मोटारींना शहराच्या मध्यभागी शिरण्यासाठी पैसे आकारण्याची कल्पना सिंगापूरने १९७५ साली अमलात आणली. सुरुवातीला ती कागदी परवान्याची होती. काचेवर परवाना चिकटविल्याशिवाय सकाळच्या गर्दीत मध्यवर्ती भागात मोटार नेता येत नसे, आणि चार माणसे बसविलेल्या मोटारीला मात्र सूट होती. मोटारींची गर्दी लक्षणीय घटली. लंडनने २००३ साली, स्टॉकहोमने २००६ साली आणि न्यूयॉर्कने २०२५ साली तीच वाट धरली. लंडनच्या शुल्कातून मोटारसायकली वगळल्या आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या शहरांत अशी योजना येईल तेव्हा येईल. परंतु ती कोसाडच्या हप्तेवाल्या माणसावर प्रथम पडता कामा नये, एवढे म्हणावयास हरकत नाही.

मोटारसायकलने रस्त्यावर काय होते यापेक्षा थांब्यावर काय होते हे अधिक विचार करण्यासारखे आहे. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली एक साधे निरीक्षण मांडले. दुकानात गिऱ्हाईक वाढले की प्रत्येकाला थांबावे लागते. बसचे उलट आहे. प्रवासी वाढले की बस अधिक सोडाव्या लागतात, आणि बस अधिक झाल्या की प्रत्येकाचे वाट पाहणे कमी होते. जुना प्रवासी नव्याचे स्वागत करील असा हा एकच धंदा! याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. तासाला सहा बस आहेत. वसाहतीतील कमावत्या पुरुषांनी एकामागून एक मोटारसायकली घेतल्या, प्रवासी घटले, तोटा वाढला, म्हणून तासाला चारच बस ठेवल्या. वाट पाहणे पाच मिनिटांवरून साडेसातवर गेले. मग ज्यांना पाच मिनिटे चालत होती पण साडेसात चालत नाहीत असे आणखी काही लोक कर्ज काढतात. शेवटी थांब्यावर कोण उरते? ज्यांना गाडी घेताच येत नाही किंवा चालविता येत नाही ते: म्हातारी माणसे, शाळकरी मुले, आणि बहुतांशी बायका.

त्या कल्पिलेल्या कुटुंबाकडे येथे परत यावे लागते. मोटारसायकल आली, ती सकाळी सहाला उधन्याला गेली आणि रात्री आठला परतली. मधल्या चौदा तासांत घरातील इतर तिघा-चौघांना तिचा काडीचा उपयोग नाही. पगारातून हप्ता जातो. म्हणजे मुलीच्या कॉलेजच्या बसभाड्यासाठी जो पैसा होता तोच हप्त्यात गेला असण्याचा संभव आहे. कापड बाजाराजवळचे सुटलेले काम पत्नीला पुन्हा धरावयाचे असेल तर तिला लागणारी बस आता दहाऐवजी पंधरा मिनिटांनी येते. शहराबाहेर वसविलेल्या वसाहतींत बायकांचे काम प्रथम सुटते, याचे कारण त्यांची हौस कमी असते हे नव्हे. त्यांची मजुरी थोडी असते, तिच्यातून भाडे वजा केले की फारसे उरत नाही, आणि संध्याकाळी उशीर झाला तर घरी स्वयंपाक वाट पाहत असतो. घरासाठी वाहन घ्यावयाचे म्हणून जो निर्णय होतो तो पुष्कळदा घरातील एकाच माणसासाठी झालेला असतो. हप्ता मात्र सगळ्यांच्या ताटातून जातो.

आगगाडीचा विचार या चर्चेत मागे पडतो, आणि ते बरोबर नाही. कोसाडला स्थानक आहे, आणि सुरत तिथून दुसरे स्थानक. रूळ तापी ओलांडतो तो स्वतःच्या पुलावरून. अमरोलीच्या पुलाच्या तोंडाशी काय तुंबले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मासिक पास काढला तर रोज सुटे तिकीट काढण्यापेक्षा तो पुष्कळच स्वस्त पडतो, आणि गाडी उधन्यापर्यंत जाणारी असली तर मध्ये उतरावेही लागत नाही. अडचण आहे ती वेळापत्रकाची. मुंबईत विरार-चर्चगेटच्या प्रवाशाची एक गाडी चुकली तर पाठोपाठ दुसरी येते. कोसाडला थांबणाऱ्या लोकल गाड्या मोजक्या. एक चुकली तर दुसरीसाठी वाट पाहण्यात अर्धी पाळी जावयाची. ज्याच्या कामाची वेळ गाडीच्या वेळेशी जुळते त्याला याहून चांगले साधन नाही. दुकानातील नोकर, कचेरीतील कारकून, कॉलेजातील विद्यार्थी यांना ती जुळण्याचा संभव अधिक. यंत्रमागाच्या रात्रपाळीला तो कमी. सुरतेत मेट्रोचे भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झाले. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली हे तिचे दोन मार्ग मिळून ४० किलोमीटरांच्या थोडे वर भरतात, परंतु दोहोंपैकी एकही कोसाडवरून जात नाही. म्हणजे कोसाडकराला मेट्रोपर्यंत बसनेच जावे लागणार, आणि वाट पाहण्याचे काम दोनदा करावे लागणार.

याच कुटुंबाला वर्षातून एकदा-दोनदा मुंबईला जावे लागते तेव्हा हिशेब निराळा होतो. सुरत ते मुंबई सेंट्रल २६३ किलोमीटर. या मार्गावरील फ्लाइंग राणी ही गाडी १९०६ साली प्रथम धावली. १९७९ पासून २०२३ पर्यंत तिला दुमजली डबेही होते, आणि वरच्या मजल्यावर जागा मिळविणे हा सुरतकरांचा एक खेळच होता. चार माणसे आणि सामान घेऊन भाड्याची किंवा नातेवाइकाची मोटार करावी, असा मोह अशा वेळी होतो. आणि चौघांत पेट्रोल वाटले तर माणशी खर्च जड नाही हेही खरे. परंतु वसई खाडीच्या अलीकडेपर्यंत जी मोटार सुखाने येते तीच पुढल्या तीस-चाळीस किलोमीटरांत आधी वाचविलेला सगळा वेळ गमावून बसते, आणि दादरला पोहोचल्यावर ती कोठे उभी करावयाची हा प्रश्न यजमानाच्या गळ्यात पडतो. मोठ्या शहरात शिरणाऱ्याची मोटार शहराच्या वेशीपर्यंतच उपयोगाची असते. दूरच्या, क्वचितच्या, सामानाच्या आणि चौघांच्या प्रवासात ती शोभते. जवळच्या, रोजच्या आणि एकट्याच्या प्रवासात ती सर्वांत महाग पडते. लोक बहुधा पहिल्या प्रवासाचे निमित्त करून ती घेतात आणि दुसऱ्यासाठी वापरतात.

एक खर्च अजून मांडलाच नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांपैकी शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. बसमधील प्रवासी त्या मानाने फारच सुरक्षित असतो. हा आकडा ५७ आणि ६० रुपयांच्या हिशेबात घालता येत नाही, आणि घालूही नये. परंतु रात्रपाळी करून पहाटे झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी पूल ओलांडणाऱ्या माणसाच्या पत्नीने तो ऐकला असणे बरे. बारा तास मागावर उभा राहिलेला माणूस बसमध्ये झोपू शकतो.

निर्णय अजून व्हावयाचा आहे अशा घराने काय करावे? एक वही घ्यावी आणि पंधरा दिवस बसने किंवा आगगाडीने जाऊन पाहावे. थांब्यावर आल्याची वेळ, बस आल्याची वेळ, उतरल्याची वेळ आणि फाटकात शिरल्याची वेळ इतके चार आकडे रोज लिहावेत. एखाद्या वाईट दिवसाची आठवण मन फार दिवस जपते, म्हणून वही. त्याच पानावर आणखी एक रकाना असावा: घरातील दुसरे कोण त्या दिवशी बाहेर गेले, कशाने गेले, आणि कोण जावयाचे असून राहिले. पंधरा दिवसांनी वाट पाहण्याची मिनिटे खरोखरच फार भरली, कामाची वेळ आडवेळेची असली आणि दोघांना एकत्र जाता येण्यासारखे असले, तर मोटारसायकल घेण्यात चूक नाही. तसे नसेल आणि अडचण एकाच थांब्यापुरती, एकाच वेळेपुरती आहे असे दिसले, तर वसाहतीतील दहा घरांच्या अशा वह्या एकत्र करून नगरसेवकाकडे नेणे एका हप्त्याहून स्वस्त पडेल. वेळापत्रक ठरविणाऱ्याला तक्रारीपेक्षा आकडा लवकर कळतो.

आणि गाडी घ्यावयाचीच ठरली, तर हेल्मेटे दोन घ्यावीत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाप्रमाणे चालविणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे, आणि कोसाडच्या रस्त्यावर मागे बसलेली बहुधा घरातील बाई असते.